चिंचेच्या रानाची वाट

धुई पडाया लागली की माज्यानं घरात बसवत न्हाई. सकाळी उठून ग्यालरीत उभी ऱ्हाते. खाली रहाटणीचा रस्ता दिसत न्हाई, समोरची बिल्डिंग दिसत न्हाई, निस्तं गाड्यांचं हारन ऐकू येत्यात. पाय आपसूक चपला हुडकाया लागत्यात. सून म्हनती, "आई, बसा की घडीभर. कवाधरनं ह्या खोलीतनं त्या खोलीत चाललंय तुमचं." बसते. च्या पिते. कप खाली ठिवला की परत उठते. कुठं जायचंय म्हनून कुनी इचारलं तर सांगता येत न्हाई. पौष सरत आला, माघ लागाय आला, की पायांना वाटतं राखणीला निघायची येळ झाली. जोंधळा चिकात आला आसंल, पाखरं उतरली आसतील. आता कुठला जोंधळा आन् कुठली पाखरं. पन पायांना कोन सांगनार?

नात हाय माजी, निकिता. कामाला माणला जाती, कम्पुटरच्या कंपनीत. माण माजं माहेर. माजी नात रोज माज्या माहेराला जाती आन् तिथलं एक मानूस तिला ठावं न्हाई, ह्याचं मला लई नवल वाटतं. गाडीवर बसायच्या आधी ती फोनला काय तरी सांगती, मंग फोनातनं एक बाई बोलती. इकडं वळा, तिकडं वळा. एकदा मी तिला इचारलं, "रोजची वाट, तरी त्या बाईला काय इचारतीस गं?"

"ट्रॅफिक बघते आजी. नेव्हिगेशन लावलंय."

"म्हंजी काय?"

"म्हणजे आपण कुठे आहोत, कुठे जायचंय, कसं जायचं, ते ठरवणं. आधी हा शब्द जहाजांसाठी होता. समुद्रात रस्ता नसतो ना, मग तारे बघून जायचे. आता विमानाला पण तोच, गाडीला पण तोच."

"आन् तारं दिसलं न्हाईत तर?"

"तर होकायंत्र."

"आन् त्ये बी नसलं तर गं?"

"मग थांबायचं, आजी!" आसं म्हनली, हसली, डोक्यात हेल्मेट घातलं आन् गेली.

ती हसत गेली, पन मी दारातच उभी ऱ्हायले. थांबायचं. ह्योच बोल मी आदी एकदा ऐकला व्हता.

समुद्र मी बघितला न्हाई. पन रस्ता नसल्याली जागा मला ठावं हाय. आमच्या भोसरीच्या शिवारात तरी कुठला रस्ता व्हता? बांध हाच रस्ता. बांधावरनं बांधावर. लगीन होऊन आले, पहिलीच सुगी आली, तवा आत्याबाई मला रान दावाया घिऊन निघाली. आत्याबाई म्हंजी माजी सासू. मी दाराशी चपला घातल्या तर म्हनली, "काढ त्या."

"का वो, आत्याबाई?"

"हाताला फडकं बांधून भाकरी थापतीस का? मंग पायाला बांधून रान कसं कळंल तुला?"

काढल्या. थंडीचं दिस, पाय निस्तं बधिर. ती म्होरं, मी मागं. गावाची पांढरी सरली की मुरूम लागायचा, टाचंला बोचायचा. मुरूम सरला की वढ्याची वाळू, गारठ्यानं गार. वढ्यातनं वर आलं की म्हसोबाचा दगड, त्यो जेवत्या हाताला घालायचा. मंग गेनूतात्याचं रान. त्येची माती तांबूस, हलकी, पायाला धरायची न्हाई. आन् त्येचा बांध वलांडला की आमची काळी. आमची माती आशी की पाय ठिवला की सोडायची न्हाई, घरी आल्यावर घासून घासून काढावी लागायची. मधी चिंच, म्हनून त्या रानाला चिंचेचं रान म्हनायचं. आत्याबाईच्या डोळ्यांत पुढं मोतीबिंदू पिकला. चिंच दिसंना, म्हसोबा दिसंना. तरी तिची वाट कंदी चुकली न्हाई. पाय व्हतं तिला.

ह्यो गेनूतात्या आमचा बांधकरी. त्येच्या रानात इहीर, आमच्यात इहीर न्हाई. पान्यावरनं भांडान, बांधावरनं भांडान. दर नांगरटीला ह्यो बांधाची जराशी कड घ्यायचा. आत्याबाई बांधावर उभी ऱ्हाऊन वरडायची, "गेन्या, नांगर कशाला झिजवतूस? जिभंनं चाटून खा की माजा बांध!" त्यो तिकडनं म्हनायचा, "तुजी जीभ हाय का जागंवर, म्हातारे? नांगराच्या फाळाला लावू दी, चांगली धार हाय." आसं करता करता बोलनंच बंद झालं. लग्नकार्याला जानं बंद. वाटंत गाठ पडली तर मान फिरवून जायचं.

पन राखणीला तसं न्हवतं. राखणीला माळ्यावर, म्हंजी रानात मेढी रवून बांधल्याल्या उंच मचाणावर बसायचं, गोफण घ्यायची, आन् पाखरं उठवाया हाकारा घालायचा. हाऽऽ हुऱ्याऽऽ! एका माळ्यावरनं हाकारा झाला की दुसऱ्या माळ्यावरनं दिलाच पायजे, न्हाईतर पाखरं इकडची उठून तिकडं बसायची. त्यामुळं आमच्या माळ्यावरनं हाकारा गेला की गेनूतात्याच्या माळ्यावरनं यायचा. तोंडानं बोलनं न्हाई, पन हाकाऱ्याला हाकारा. मी एकदा आत्याबाईला म्हनले, "भांडान हाय नव्हं आपलं? मंग कशाला देतीस?" ती म्हनली, "पाखरांनी काय क्येलंय?"

त्या हाकाऱ्याचा नाद आजूनबी कानात हाय. धुईत आवाज कसा वला व्हतो. लांबचा जवळ वाटतो, जवळचा लांब.

मंग सरकारनं कंपन्यांसाठी जमिनी घेतल्या. कुनी रडलं, कुनी कागदावर आंगठा देऊन गप घरी आलं. रानात पांढरं पट्टं मारल्यालं खुंट आलं. त्या सालात पेरा झालाच न्हाई. दिवाळीपासनं डोझर फिराया लागला. ज्या बांधासाठी डोस्की फुटायची पाळी आली व्हती, त्यो बांध डोझरनं एका दमात नेला. बांध न्हाई, म्हसोबा न्हाई, वढ्याचं तोंड बुजवलं. चिंच पाडली तवा आवाज घरात आला. आत्याबाई चुलीपाशी बसली व्हती. "काय पडलं गं?" म्हनली. मी म्हनले, "चिंच." तिनं जाळ म्होरं सारला.

आमच्या मालकांना, म्हंजी निकिताच्या आज्याला, कंपनीत हेल्पराचं काम मिळालं. सकाळची पाळी आली की उजाडायच्या आत निघायचं. मी बी घमेली उचलाया जायाला लागले. आमच्याच शिवारात, दुसऱ्याच्या शेडचा पाया. डोक्यावर खडी, पायात टायरच्या चपला, कारन आता खाली पत्रं, खिळं, काचा. चपला घातल्या आन् मला बी रान कळायचं बंद झालं. खरं सांगते. कुठं उभी हाय त्येच उमगायचं न्हाई. तिथं काम करनाऱ्या बाया म्हनायच्या, भोंग्यावर चाला. म्होठ्या रस्त्याच्या अंगाला एक कंपनी चालू झाल्ती, तिचा भोंगा व्हायचा. भोंग्याकडं पाठ केली की गाव, तोंड केलं की रस्ता. म्हंजी आमचं चिंचेचं झाड आता भोंगा झालं व्हतं. आत्याबाईला बी मी त्येच शिकवलं. ती म्हनली, "गाढावाच्या वरडन्यावर घर हुडकू व्हय मी?" पन ध्यानात ठिवलं तिनं.

त्या दिवशी सकाळी उठले तर आत्याबाईचं आंथरून मोकळं. कोपऱ्यातली काठी न्हाई. टोपल्यातली भाकरी न्हाई, चटनीची वाटी न्हाई. बाहीर धुई, हात म्होरं केला तर बोटं दिसंनात. मी तिथंच वळाखलं. राखणीचं दिस. पाय निघालं म्हातारीचं.

रान गेलं ह्ये तिला ठावं व्हतं. येडी न्हवती ती. पन आज मी ह्या ग्यालरीत उभी ऱ्हाते तवा मला बी ठावं आसतं की, खाली रान न्हाई.

मालक पाळीवर गेल्यालं. मी तशीच पळाले. चपला घालायची सुद न्हाई. गावाच्या बाहीर पडले आन् मुरूम लागला, त्यो सरंचना. वाळू यीना, वढा यीना. सगळीकडं सारखंच, खरवडून काढल्यालं. मधी मधी पायासाठी खांदल्यालं खड्डं, मानसापरीस खोल. आन् माज्या मनात एकच. गेनूतात्याची इहीर. डोझरवाल्यानं तिचं कठडं पाडलं व्हतं, पन ती भरली न्हवती. उघडी, जिमिनीबरोबर. म्हातारीला दिसत न्हाई, पायाला बांध लागत न्हाई. कुठनं जाईल, कुठं पडंल?

शिमिटाच्या गोदामापाशी वाचमन व्हता, लातूराकडचा. कांबळं घिऊन शेकोटीला बसल्याला.

"काय हुडकायलाव, बाई?"

"सासू माजी. म्हातारी. हिकडनं गेली का?"

"कुठं जायचं व्हतं त्यास्नी?"

"चिंचेच्या रानात."

"चिंच?" त्यो उठून उभा ऱ्हायला, चारी अंगाला बघितलं. "इथं चिंच कुठंय, बाई? इथं नुसते नंबर हाईत. मी बी परवाच आलोय. सकाळी तोंड धुवाया गेलो तर परत येताना गोदाम घावंना मला."

त्येनं बिचाऱ्यानं काठीनं पत्रा बडवला, गावातली मानसं आली. पोरं आली, बाप्ये आली. कुनी दोर आनला. सगळी हाका माराया लागली. "आत्याबाऽय! ओ आत्याबाऽय!" धुईत एकमेकांना धडकत व्हती. जन्म गेला ज्यांचा त्या शिवारात, ती मानसं इचारत व्हती, "म्हसोबा कुठं व्हता रं? ह्या अंगाला का त्या अंगाला?" कुनाला सांगता यीना. आवाज तेवढं ऐकू येत व्हतं, आन् म्हातारीचा आवाज काय यीना. एक बाई मागनं कुजबुजली, "म्हातारी ओ बी दीना म्हंजी..." मी म्होरं पळाले. म्होरलं मला ऐकायचं न्हवतं.

किती चालले ठावं न्हाई. मंग भोंगा झाला. मला जीव आला. पाठ केली, निघाले. तवर दुसरा भोंगा झाला, दुसरीकडनं. त्याच हप्त्यात दुसऱ्या अंगाची कंपनी चालू झाल्ती म्हनं, मला काय ठावं? दोन भोंगं, दोन दिशा. फिरले, परत फिरले. बघते तर मगाच्याच पाया‍च्या खड्ड्यापाशी. परत चालले. परत त्योच खड्डा. मला चकवा लागला व्हता. आपल्या सासरच्या शिवारात, दिवसाउजेडी.

चकवा आता कुनाला ठावं न्हाई. रानात एक भूल आसती, ती मानसाला तिथल्या तिथंच फिरवती. फिरवून फिरवून इहिरीत न्हाईतर वढ्यात घालती. आत्याबाईनं मला शिकवलं व्हतं, "चकवा लागला की थांबायचं. म्होरं एक पाऊल टाकायचं न्हाई. पदर उलटा घ्यायचा, जवळची भाकरी मोडून एक घास जिमिनीला द्यायचा, आन् बसून ऱ्हायचं. नावानं हाक आली तर ओ द्यायची न्हाई. चकवा आपल्याच मानसाच्या आवाजात बोलावतो."

भाकरी न्हवती. पदर उलटा घेतला, खाली बसले. आन् तेवढ्यात धुईतनं हाक आली.

"हौसेऽऽ! अगं ए हौसेऽऽ! कुठं हायेस?"

हौसा ह्ये आत्याबाईचं नाव, आन् आवाज गेनूतात्याचा. गेनूतात्यानं आमच्या घरातल्या मानसाला हाक मारून किती वर्सं लोटली व्हती! त्यो कशाला येतोय आमच्या म्हातारीला हुडकाया? चकवाच ह्यो. मी तोंडाला पदर लावला. परत हाक आली. मी हूं का चूं क्येलं न्हाई.

आन् मंग माज्या डोस्क्यात उजाडलं. मी आशी तोंड मिटून बसलेय, मंग जिनं मला शिकवलं ती कशी बसली आसंल? सगळं गाव तिच्या नावानं वरडतंय. ती सगळं ऐकत आसंल. आन् जेवढं जास्त वरडतील तेवढी ती गप बसंल.

मी उभी ऱ्हायले. नाव न्हाई घेतलं. हात तोंडापाशी धरलं आन् हाकारा घातला.

हाऽऽ हुऱ्याऽऽ!

कायबी न्हाई. मानसं बी गप झाली. ही कुठली पाखरं उठवती आसं वाटलं आसंल त्यांना. परत घातला, पोटातनं. मंग लांबनं, उताराच्या अंगानं, बारीक, चिरकल्याला आवाज आला.

हुऱ्याऽऽ.

मी हाकारा घालत ग्येले, ती देत ग्येली. आशी पोचले मी. मातीच्या ढिगाला टेकून बसली व्हती. पदर उलटा. म्होरं भाकरी मोडल्याली, एक घास बाजूला काढून ठिवल्याला. आन् तिच्यापासनं एका ढांगंवर इहिरीचं तोंड. धुईनं काठोकाठ भरल्यालं, म्हशीच्या दुधानं भरल्यागत. आजून एक पाऊल टाकलं आसतं तर. मी तिचा दंड घट धरला.

"किती येळ लावलास गं?" ती म्हनली. "पाखरं सगळं खाऊन ग्येली."

"आत्याबाई, इतक्या हाका मारल्या! ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या की. समद्यांच्या आवाजात आल्या. तिथवर मला वाटलं, मानसं बी आसतील, ओ द्यावी का. मंग गेन्याच्या आवाजात आली, तवा म्हनलं, न्हाई, ह्यो चकवा. गेन्या कशाला हुडकंल मला?"

गेनूतात्या माज्या मागंच येऊन उभा व्हता. खांद्याला दोराचं येटाळं. सगळं ऐकलं त्येनं. खाकरला.

"म्या हाय, म्हातारे."

आत्याबाईनं मान वर केली. "गेन्या? तू माज्या रानात काय करतूस?" आन् काठी जिमिनीवर आपटली. "आन् बांध कुठाय? खाल्लास व्हय सगळा?"

मी इहिरीकडं बघितलं. आमच्या रानात इहीर कवाच न्हवती. त्ये गेनूतात्याचं रान व्हतं. म्हातारी त्येच्याच मातीत बसून त्येलाच हद्द दावीत व्हती. मी सांगाया तोंड उघडलं तर गेनूतात्यानं हातानंच मला गप क्येलं.

"व्हय गं," त्यो म्हनला. "तुजंच रान. मीच आलो तुज्या हद्दीत. चल, उठ, सोडतो घरला."

"हात नगं लावू मला."

"न्हाई लावत."

तिनं काठीचं दुसरं टोक त्येच्या म्होरं धरलं. त्येनं त्ये धरलं. त्यो म्होरं, मधी काठी, मागं म्हातारी, आन् त्येच्या मागं मी. वाटंत एका जागी त्यो थबकला, पायानं जिमीन चाचपली, आन् मंग पाय जरा उचलून म्होरं टाकला, जसा बांध वलांडताना टाकत्यात. म्हातारीनं बी टाकला. मी बी टाकला.

घरी मोरीत बसवून तिच्या पायावर पानी घातलं. ती आपल्याच हातानं तळवं चोळत व्हती. चोळता चोळता थांबली.

"गेन्याची माती हाय ही," म्हनली. "धरत न्हाई पायाला."

माज्या हातातला तांब्या तसाच ऱ्हायला.

"त्येला सांगू नगं," आत्याबाई म्हनली. "त्येला वाटू दी."

त्यानंतर ती रानाकडं गेली न्हाई. पन धुई पडली की उंबऱ्यात येऊन बसायची आन् पाय हालवायची, पाळण्यातल्या पोरागत. म्होरल्या सुगीला ती न्हवती. गेनूतात्यानं खांदा दिला.

मी घमेली उचलत ऱ्हायले. शेडी उभ्या ऱ्हायल्या, रस्तं झालं, रस्त्याला दिवं आलं. मालकांचं कान यंत्रानं ग्येलं, म्हनून मला घरात मोठ्यानं बोलायची सवय लागली, ती त्यांच्यामागं बी ऱ्हायली. भोसरीचं घर सुटलं, काळेवाडीला खोली घेतली, मंग पोरानं हितं फ्लॅट घेतला. भोंगं बी कधी बंद झालं, ध्यानात न्हाई. एवढं सगळं झालं, पन माज्या पायांतली सुगी काय सरली न्हाई.

ह्या वर्साला निकिता म्हनली, "आजी, चल, तुला एकदा फिरवून आणते. नुसती येरझारा घालतेस." सुट्टीचा दिवस व्हता. पोराच्या मोटारगाडीत बसले. तिनं फोन हातात घेतला.

"काय टाकू, आजी?"

"चिंचेचं रान."

तिनं टाकलं. जरा येळ बघितलं. "चिंचेचं काहीतरी हॉटेल दाखवतंय, हायवेवर."

"मंग म्हसोबा टाक."

"अगं, कुठला म्हसोबा? खूप आहेत."

मंग ती आपली मला इचारत इचारत निघाली. मी कुठलं सांगनार? गल्ल्या, फाटकं, पत्र्याच्या शेडी, टेम्पो. सगळीकडं सारखंच. हिकडं वळ म्हनले, तिकडं वळ म्हनले, परत त्याच चौकात आलो. परत वळलो, परत त्योच चौक. पोरगी कटाळली आसंल, पन गाडी वळवत ऱ्हायली. शेवटाला एका बंद फाटकापाशी गाडी उभी क्येली.

"आलो आजी. हेच."

"हेच का गं?"

"हो, हेच. नेव्हिगेशनवर दाखवतंय ना."

फोन तर तिनं मगाच पर्समधी टाकला व्हता.

मी दार उघडलं. चपला काढल्या. "आजी, अगं काय करतेस!" आसं ती म्हनत व्हती तवर पाय खाली ठिवला. शिमिटाचे गट्टू, गार. उतार बघितला. आमच्या रानाचा उतार वढ्याकडं, उगवतीला. हितं पानी मावळतीला जात व्हतं. ह्ये आमचं न्हवतं. गेनूतात्याचं बी न्हवतं. कुनाचं व्हतं देव जानं.

पोरगी माज्या तोंडाकडं बघत व्हती. माज्यासाठी सुट्टीचा दिवस घालवला व्हता तिनं. गाडीच्या दाराला धरून उभी व्हती, ओठ दाताखाली.

"व्हय गं," म्हनले. "हेच आमचं रान."

किती हसली! माजा फोटू काढला फाटकापाशी.

घरी आले. मोरीत बसले, पायावर पानी घेतलं, तळवं चोळलं. पानी खाली ग्येलं, जसं घेतलं तसंच. माती काय आली न्हाई.

उद्या परत धुई पडंल.